आधी फाइल, मग सॉफ्टवेअर

१४ ऑक्टोबर २०२५ या एकाच तारखेला विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या तिघांनाही मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, कुणाची फाइल उघडायची राहिली नाही. थांबल्या त्या सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या. ज्यांचं यंत्र विंडोज ११साठी चालत नाही (त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते) त्यांनी करायचं काय? एक तर नवं यंत्र घ्यायचं आणि ऑफिससाठी पुन्हा पैसे मोजायचे. नाही तर आहे त्याच यंत्रावर लिब्रेऑफिससारखं मुक्त सॉफ्टवेअर बसवायचं, ज्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि जे कितीही यंत्रांवर चालवायला मोकळीक आहे.

पनवेलजवळच्या आमच्या कामोठ्यात हा प्रश्न सोसायटीगणिक आहे. गावठाणाभोवती सिडकोने सेक्टर आखले, सेक्टरांत इमारती उभ्या राहिल्या, आणि १ ऑक्टोबर २०१६ला पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा हा सगळा भाग तिच्या हद्दीत आला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०प्रमाणे प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं आणि हिशेबपत्रकं ठेवावी लागतात, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. हे काम सेक्रेटरी आणि खजिनदार आपली नोकरी, लोकल आणि घर सांभाळून करतात. पाच वर्षांनी कमिटी बदलते आणि दप्तर दुसऱ्यांच्या हाती जातं. त्या दप्तरात आता कपाटाच्या किल्ल्यांइतकाच पेन ड्राइव्ह महत्त्वाचा झाला आहे. मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये, सिडको आणि महापालिकेला लिहिलेली पत्रं वर्डमध्ये, सभेचं इतिवृत्त मराठीत. आणि ते मराठी ज्या दुकानात टाइप झालं, त्या दुकानाच्या फॉन्टमध्ये. इथल्याच जवाहर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखान्यात किंवा एखाद्या क्लासच्या ऑफिसात चित्र फार वेगळं नसतं.

लिब्रेऑफिस घ्यावं का, असा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: जुन्या फायली उघडतील का? उघडतात. पण माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. फाइल उघडणं वेगळं, ती पूर्वीसारखी दिसणं वेगळं, आणि तिच्यातलं मराठी कॉम्प्युटरला मराठी म्हणून कळणं त्याहून वेगळं. इंग्रजीत काम करणाऱ्यांचा संबंध पहिल्या दोहोंशीच येतो, म्हणून या विषयावरचं बहुतेक मार्गदर्शन तिथेच थांबतं. आपली खरी अडचण तिसऱ्या जागी आहे, आणि ती लिब्रेऑफिसने निर्माण केलेली नाही.

आधी फाइलच्या रचनेकडे बघू. वर्ड ९७ ते वर्ड २००३ या काळातल्या डॉक फायली बायनरी आहेत. नोटपॅडमध्ये उघडल्या तर मजकुराचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये अगम्य चिन्हं दिसतात. ही रचना मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००८मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्याआधी इतर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना शेकडो फायली उकलून, कुठला आकडा कशासाठी आहे याचा माग काढत बसावं लागे. लिब्रेऑफिसचे पूर्वज हेच करत आले. जर्मनीतलं स्टारऑफिस १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याचा सोर्स कोड ओपनऑफिस या नावाने खुला केला. सन ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर, सप्टेंबर २०१०मध्ये, अनेक विकासकांनी वेगळी चूल मांडली. तिचं नाव लिब्रेऑफिस. जुन्या फायली वाचण्याचा या घराण्याला इतका सराव आहे की वर्डच्या अगदी जुन्या आवृत्त्यांच्या, मायक्रोसॉफ्ट वर्क्सच्या, लोटस १-२-३च्या फायलीही लिब्रेऑफिस उघडतं. आजचा वर्ड त्यांतल्या काही सुरक्षेच्या कारणाने अडवून धरतो.

मराठी डीटीपीवाल्यांसाठी यात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. एप्रिल २०१४मध्ये ‘डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. बंद पडलेल्या किंवा बंदिस्त फॉरमॅटांतल्या फायली वाचता याव्यात एवढ्यासाठीच. त्याच्या कामामुळे लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पेजमेकर ६ आणि ७च्या फायली उघडता येतात, कोरलड्रॉच्याही. लग्नपत्रिका, स्मरणिका, मंडळांचे अहवाल, सोसायट्यांचे छापील वार्षिक अहवाल यांची एक अख्खी पिढी आपल्याकडे पेजमेकरमध्ये अडकून पडली आहे. मांडणी पूर्ण जशीच्या तशी येईल अशी अपेक्षा ठेवू नये, पण मजकूर आणि चित्रं हाती लागतात.

आता नव्या फॉरमॅटांकडे. मे २००५मध्ये ओएसिस या संस्थेने ओपनडॉक्युमेंट, म्हणजे ओडीएफ, हे मानक मंजूर केलं आणि २००६मध्ये ते आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. मजकुराची ओडीटी, तक्त्यांची ओडीएस आणि सादरीकरणाची ओडीपी या त्याच्या फायली. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७बरोबर स्वतःचं दुसरं मानक आणलं, ओओएक्सएमएल. डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स या त्याच्या फायली. त्यालाही आयएसओची मान्यता मिळवण्यासाठी जे मतदान झालं, त्यात भारताने, म्हणजे आपल्या भारतीय मानक ब्युरोने, सप्टेंबर २००७मध्ये विरोधात मत दिलं आणि मार्च २००८मध्ये ते कायम ठेवलं. मानक मंजूर झाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला आणि भारत या चार देशांनी अपील केलं; ऑगस्ट २००८मध्ये ते फेटाळलं गेलं. एका कामासाठी दोन मानकं कशाला, हा आक्षेपांमधला मुख्य मुद्दा होता. मला तो आजही रास्त वाटतो. नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं, त्यामागेही हाच विचार दिसतो: जनतेची कागदपत्रं कुठल्या एका कंपनीच्या प्रोग्रामवर अवलंबून राहू नयेत.

ओओएक्सएमएलचा मूळ मसुदा ६,००० पानांच्या वर होता. इतका मोठा का? कारण वर्ड आणि एक्सेलच्या आधीच्या सगळ्या आवृत्त्यांच्या सवयी त्यात सामावून घ्यायच्या होत्या. ‘वर्ड ९५प्रमाणे अंतर सोडा’, ‘वर्ड ९७च्या नियमाने ओळ तोडा’ अशा अर्थाच्या खुणा त्यात आहेत. एक्सेल तर आजही १९०० हे वर्ष लीप मानतो. ते लीप नव्हतं, २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख कधी उगवलीच नाही. पण लोटस १-२-३मध्ये ती चूक होती आणि त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जशीच्या तशी ठेवली. लिब्रेऑफिसमधल्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रामने तारखा मोजायची सुरुवात ३० डिसेंबर १८९९पासून धरली, म्हणजे १ मार्च १९००नंतरच्या सगळ्या तारखा दोन्हीकडे बरोबर जुळतात. सुसंगती म्हणतात ती अशा असंख्य बारीक तडजोडींनी बनलेली असते, आणि त्यामुळेच ती शंभर टक्के कधी नसते.

आतून मात्र दोन्ही फॉरमॅट एकमेकांचे भाऊ शोभतील असे आहेत. कुठल्याही डॉकएक्स किंवा ओडीटी फाइलची एक प्रत करा, तिच्या नावाचं शेवटचं टोक बदलून झिप करा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील, चित्रं वेगळी ठेवलेली दिसतील, आणि मजकूर एक्सएमएलमध्ये, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत सापडेल. ओडीटीमध्ये तो ‘कंटेंट’ नावाच्या फाइलीत असतो, डॉकएक्समध्ये ‘वर्ड’ फोल्डरातल्या ‘डॉक्युमेंट’ नावाच्या फाइलीत. हे एकदा डोळ्यांनी बघावं असं मी प्रत्येकाला सांगतो. आपला मजकूर कुठल्याही कंपनीच्या परवानगीशिवाय आपल्याला काढून घेता येतो, हे त्यातून जसं पटतं तसं दुसऱ्या कशाने पटत नाही.

मग फाइल इकडून तिकडे नेताना बिघडतं काय? दोन्ही प्रोग्राम पानाचा विचार निराळ्या पद्धतीने करतात. वर्ड दस्तऐवजाचे विभाग पाडतो आणि वरची-खालची पट्टी, पानाची दिशा, समास विभागाला जोडतो. लिब्रेऑफिसमधला लिखाणाचा प्रोग्राम रायटर हेच सगळं पानाच्या स्टाइलला जोडतो. साधं पत्र असेल तर फरक कळतही नाही. मध्येच आडवं पान, तरंगता तक्ता, मजकुराच्या चौकटीत दुसरी चौकट, असं काही असेल तर हलतं. स्पेसबार दाबून दाबून जुळवलेली सही आणि शिक्क्याची जागा तर हमखास हलते, पण ती वर्डच्याच दोन आवृत्त्यांतही हलते. टॅब आणि तक्ता वापरून केलेली मांडणी टिकते.

दिसण्यातला दुसरा मोठा भाग फॉन्टचा. विंडोज तीच ठेवून फक्त ऑफिस बदललं तर कॅलिब्री आणि मंगल दोन्ही जागच्या जागी राहतात, कारण ते विंडोजबरोबर येतात. विंडोज सोडून लिनक्स या मुक्त प्रणालीवर गेलात तर राहत नाहीत. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनऐवजी लिबरेशन मालिकेतले फॉन्ट येतात. त्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टांइतकीच राखलेली असल्याने ओळी त्याच ठिकाणी मोडतात. देवनागरीत अशी सोय नाही. मंगल हा मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला फॉन्ट. त्याच्या ओळींची उंची बरीच असते. त्याच्या जागी लोहित, नोटो किंवा ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ आला की दोन पानांची नोटीस पावणेदोन पानांवर येते, नाहीतर सव्वादोनवर जाते. यावरचा उपाय साधा आहे. मुक्त परवान्याचा एक देवनागरी फॉन्ट ठरवून टाकायचा आणि सगळ्या यंत्रांवर तोच बसवायचा: ‘एक टाइप’चा ‘मुक्त’, किंवा राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला यशोमुद्रा. फाइल बाहेर जाणार असेल तर लिब्रेऑफिसमध्ये दस्तऐवजाच्या गुणधर्मांत फॉन्ट फाइलीतच घालून देण्याची सोय आहे.

देवनागरीच्या बाबतीत रायटरची एक सेटिंग पहिल्याच दिवशी करावी लागते, आणि ती न केल्याने अनेकजण आठवडाभरात वैतागून परततात. लिब्रेऑफिस लिप्यांचे तीन गट मानतं: पाश्चात्त्य, पूर्व आशियाई आणि गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिप्या. देवनागरी तिसऱ्या गटात येते, आणि प्रत्येक गटाचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळा साठवला जातो. वर्डच्या फाइलीतही अशीच वेगवेगळी साठवण असते. म्हणून ‘दि. 12/8/2024’ अशा ओळीत शब्दाला एक फॉन्ट लागतो आणि इंग्रजी आकड्यांना दुसरा, आणि दोघांचा आकार जुळत नाही असं दिसतं. साधने मेनूतल्या पर्यायांत जाऊन भाषांच्या पानावर गुंतागुंतीच्या लिपीसाठी मराठी निवडावी. तिथे अनेकदा हिंदी असते. मराठी निवडल्याने शुद्धलेखन तपासणीची वाट मोकळी होतेच, शिवाय ज्या फॉन्टांत दोन्ही रूपं दिलेली आहेत त्यांत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप उमटतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीसाठी हीच रूपं ठरवली आहेत. अक्षराचं रूप भाषेच्या खुणेवरून बदलतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

सोसायटीचं २००७ सालचं इतिवृत्त लिब्रेऑफिसमध्ये उघडलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक चिवडा आला, की दोष नव्या सॉफ्टवेअरवर येतो. खरं तर लिब्रेऑफिसने फाइल अगदी बरोबर वाचलेली असते. त्या फाइलीत मराठी नाहीच. कृतिदेव हा हिंदी पट्ट्यातून आलेला पण आपल्याकडच्या टायपिंगच्या दुकानांतही दिसणारा फॉन्ट घ्या. त्यात ‘कामोठे’ लिहिलं की फाइलीत साठतात ती इंग्रजीची सात अक्षरं: छोटा डी, के, ई, के, एस, मोठा बी आणि छोटा एस. फॉन्टच्या निर्मात्याने डीच्या जागी क काढलेला, के म्हणजे काना, ईच्या जागी म, के आणि एस मिळून ओकाराची खूण, मोठ्या बीच्या जागी ठ आणि एस म्हणजे मात्रा. डब्यावर साखरेची चिठ्ठी आणि आत मीठ, तसा हा प्रकार. कृतिदेव यंत्रावर आहे तोवर डोळ्यांना कामोठे दिसतं. नसला की आतलं बाहेर येतं.

असं झालं त्याला कारण होतं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान, १९९१चं इस्की हे भारतीय मानक, इनस्क्रिप्टचा कळफलक, हे सगळं आपल्याकडे होतं. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. पण विंडोज ९५ आणि ९८ला देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. ते काम विंडोज २०००पासून सुरू झालं. छापखान्यांना आणि कचेऱ्यांना तोवर थांबणं शक्य नव्हतं. मग इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट आले: पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएममधला सुरेख, शिवाजी, कृतिदेव. प्रत्येकाची जुळणी निराळी. त्या माणसांनी मराठी छपाई कॉम्प्युटरवर आणली, हे उपकार मोठे आहेत. मात्र त्या काळातली प्रत्येक फाइल तिच्या फॉन्टला कायमची बांधली गेली.

या फायलींत शोध चालत नाही. सभासदांची यादी नावाप्रमाणे लावायला गेलात तर ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते. त्याहून वाईट म्हणजे, असल्या मजकुरावर प्रोग्राम इंग्रजी समजून दुरुस्त्या करतो. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल झालं की कृतिदेवमध्ये क पायमोडका होतो, कारण मोठ्या डीवर अर्धा क आहे. अवतरणचिन्हाच्या किल्लीवर तिथे अर्धा श आहे. प्रोग्रामने ते चिन्ह वळणदार केलं की श बिघडला. ज्यांना जुन्या फॉन्टातली फाइल तूर्त तशीच वापरायची आहे, त्यांनी लिब्रेऑफिसमध्ये तो फॉन्ट बसवावा आणि स्वयंदुरुस्ती पूर्ण बंद करावी. फाइल पूर्वीसारखी दिसेल. पण हा तात्पुरता इलाज झाला.

खरा इलाज म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणं. युनिकोडमध्ये क या अक्षराचा क्रमांक ०९१५ हा जगातल्या प्रत्येक यंत्रावर एकच असतो. फॉन्ट कुठलाही असो, बदलतो तो फक्त चेहरा. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण ते फॉन्टगणिक वेगळे लागतात, आणि त्यांची खरी परीक्षा ऱ्हस्व इकार आणि रफार यांत होते. जुने फॉन्ट डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने लिहितात, म्हणजे ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी क मग वेलांटी. जोडाक्षर आलं की वेलांटीने किती अक्षरं ओलांडायची हे प्रोग्रामला ठरवावं लागतं, आणि तिथे तो चुकतो. म्हणून ‘स्थिती’, ‘कार्यकारिणी’, ‘वार्षिक’, ‘निर्णय’ असे शब्द रूपांतरानंतर मुद्दाम तपासावेत. इतिवृत्तात तेच जास्त येतात. जुन्या फॉन्टच्या मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द किंवा सभासदाचा ईमेल असेल तर रूपांतरात त्याचंही मराठी होऊन बसतं. तो आधी वेगळा काढावा. आणि सभासदांची नावं, फोन, थकबाकी असलेली यादी कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावर रूपांतरासाठी चिकटवू नये. यंत्रावरच चालणारं साधन शोधावं.

युनिकोडमध्ये आल्यावरही मराठीचे काही बारकावे राहतात. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८मध्ये आलं. त्याआधीच्या फायलींत लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण ‘ॲड.’ शोधलं तर जुन्या पद्धतीने लिहिलेला ‘अॅड.’ सापडत नाही. शोधा-आणि-बदला वापरून एकदाच सगळीकडे एक रूप करून टाकावं.

तक्त्यांचं काम यापेक्षा सोपं. एक्सएलएसएक्सच्या साध्या फायली, बेरजा, टक्केवारी, व्हीलुकअप, कॅल्कमध्ये जशाच्या तशा येतात; एक्सलुकअपसारखी नवी सूत्रं लिब्रेऑफिस २४.८पासून, म्हणजे ऑगस्ट २०२४पासून आहेत. लाख-कोटींचे स्वल्पविराम एक्सेलमध्ये विंडोजच्या प्रांत-सेटिंगवर ठरतात, म्हणून कॅल्कमध्ये खान्याच्या स्वरूपात भाषा इंग्रजी (भारत) निवडावी. अडतं ते मॅक्रोंपाशी. एक्सेलचे मॅक्रो कॅल्क काही अंशी चालवतं, पूर्ण नाही. कुणीतरी पूर्वी बिलं काढायला लिहून दिलेली मॅक्रोची फाइल असेल तर ती नव्याने बांधावी लागेल, असं धरूनच चालावं. आयकर विभागाच्या एक्सेल युटिलिटी मॅक्रोंवर उभ्या आहेत. त्या कॅल्कमध्ये भरायचा आग्रह धरू नये, विवरणपत्र विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरावं.

जगात हे स्थलांतर ज्यांनी मोठ्या प्रमाणावर केलं, त्यांचीही खरी मेहनत फायलींवरच झाली. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. तिथे पत्रांचे हजारो नमुने आणि मॅक्रो नव्याने बांधावे लागले, त्यासाठी त्यांनी स्वतःचं साधन लिहिलं, आणि तरी २०१७मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४मध्ये ३०,००० यंत्रं लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलं, तेव्हा ओडीएफ हे प्रमाण फॉरमॅट धरूनच. केरळने सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं आणि तिथली मुलं सुरुवातीपासून त्यावरच शिकतात, त्यामुळे त्यांच्याकडे मागच्या फायलींचं ओझं नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक कॉम्प्युटर शिकले ते वर्ड आणि एक्सेलवर. त्यांना रायटर शिकायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, विनामूल्य. पवईत तयार झालेलं हे साहित्य आपल्या सोसायट्यांच्या ऑफिसांपर्यंत पोहोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर सोसायटीने करावं काय? सॉफ्टवेअर बसवण्याआधी सगळ्या फायलींची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी आणि तिला हात लावू नये. मग फायलींची वाटणी करावी. संपलेलं काम, म्हणजे जुनी पत्रं, जुन्या वर्षांचे ताळेबंद, मंजूर झालेली इतिवृत्तं, जुन्या यंत्रावर मूळ फॉन्ट असतानाच पीडीएफ-ए या टिकाऊ प्रकारात काढून ठेवावं. हे यंत्र बदलल्यावर करायला गेलात तर फॉन्ट गेलेले असतील. चालू काम, म्हणजे सभासदांची नोंदवही, बिलांचे तक्ते, नोटिसांचे नमुने, तेवढंच युनिकोडमध्ये आणि ओडीएफमध्ये आणावं. फायली डॉकमध्ये असतील तर लिब्रेऑफिसच्या फाइल मेनूत विझार्ड्सखाली दस्तऐवज रूपांतराची सोय आहे, ती अख्खा फोल्डर एका वेळी ओडीएफमध्ये करून देते. फॉन्टचं रूपांतर मात्र ती करत नाही, ते वेगळंच करावं लागतं.

मूळ प्रत ओडीटी किंवा ओडीएसमध्ये ठेवावी. एकच फाइल आज डॉकएक्समध्ये रायटरने, उद्या वर्डने, परवा मोबाइलवरच्या तिसऱ्याच ॲपने साठवत राहिलं की प्रत्येक फेरीत थोडं थोडं काही हरवतं. बाहेर फक्त वाचायला द्यायचं ते पीडीएफ. लिब्रेऑफिस असाही पीडीएफ काढून देतं ज्याच्या पोटात ओडीएफची मूळ फाइल असते. वाचणाऱ्याला तो साधा पीडीएफ, आणि रायटरमध्ये उघडला तर बदल करता येणारा दस्तऐवज. कमिटी बदलताना हातोहात द्यायला यासारखं दुसरं काही नाही. समोरच्याला फाइलीत बदल करायचे असतील तर डॉकएक्सची प्रत पाठवावी, आणि तो ओडीटीच घ्यायला तयार असेल तर उत्तम, कारण २००९पासून वर्डही ओडीएफ उघडतो.

वेळ म्हणाल तर ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यांत बरा. सर्वसाधारण सभा आटोपलेली असते, ऑडिट झालेलं असतं, ३१ मार्चची धावपळ लांब असते. पहिल्या महिन्यात नोटिसा आणि पत्रं रायटरमध्ये लिहावीत, बिलं एक्सेलमध्येच राहू द्यावीत. दुसऱ्या महिन्यात बिलं दोन्हीकडे काढून एक-एक रक्कम ताडून पाहावी. तिसऱ्या महिन्यात नुसत्या कॅल्कवर यावं. ऑडिटरला त्याच्या सवयीची एक्सएलएसएक्सची प्रत द्यावी. सभासदांची नोंदवही मात्र ओडीएसमध्ये, युनिकोडमध्ये, सोसायटीच्या स्वतःच्या ड्राइव्हवर असावी, आणि ती कुठल्या प्रोग्रामने, कुठल्या फॉन्टमध्ये केली हे पुढच्या सेक्रेटरीसाठी तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असावं.